आतड्याची साक्ष : सोमलापासून कॅलप्रोटेक्टिनपर्यंत

१/ ३ मे १८५९. लंडनजवळच्या रिचमंड येथे इझाबेला बँक्स ही चाळिशी ओलांडलेली स्त्री मरण पावली. महिनाभर उलट्या, जुलाब आणि पोटदुखीने ती खंगत गेली होती. तिच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून तिचा पती म्हणवणारा डॉ. थॉमस स्मेथर्स्ट याच्यावर खटला उभा राहिला. आतड्याच्या दाहाचा इतिहास सांगताना पुष्कळदा याच खटल्यापासून सुरुवात होते. आजचा धागा त्या दाहाविषयी, आणि त्याची साक्ष देणाऱ्या प्रथिनांविषयी.

२/ संशयाला आधार होता. स्मेथर्स्टची पहिली पत्नी हयात होती, म्हणजे हा विवाह बेकायदा होता. इझाबेलाकडे पैसा होता आणि मृत्यूच्या एक-दोन दिवस आधीच तिने आपले मृत्युपत्र त्याच्या नावे केले होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी रुग्णाच्या मलाचा नमुना त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांच्याकडे धाडला.

३/ टेलर यांनी सांगितले : नमुन्यात सोमल आहे. पुढे स्मेथर्स्टच्या खोलीतील औषधाच्या एका बाटलीतही त्यांना सोमल आढळला. तपासणीची रीत होती राइन्श यांची, १८४१ साली सुचवलेली. नमुन्यात आम्ल घालून तो उकळायचा, त्यात तांब्याची जाळी बुडवायची आणि तांब्यावर काळसर थर धरतो का ते पाहायचे. थर धरला तर सोमलाचा संशय घ्यायचा.

४/ घोटाळा बाटलीत नव्हता, जाळीत होता. त्या औषधात पोटॅशियम क्लोरेट होते. त्याने तांबेच विरघळवले, आणि तांब्यात अशुद्धी म्हणून दडलेला सोमल मोकळा झाला. तपासणाऱ्यानेच नकळत बाटलीत सोमल घातला होता. टेलर यांना ही चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. मृतदेहाच्या अवयवांत तर सोमल सापडलाच नव्हता.

५/ तरीही ऑगस्ट १८५९ मध्ये ज्युरीने स्मेथर्स्टला दोषी ठरवले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. वैद्यकीय जगतात गदारोळ उठला. गृहमंत्र्यांनी शल्यविशारद सर बेंजामिन ब्रॉडी यांचे मत मागवले. पुरावा पुरेसा नाही, असा त्यांचा अभिप्राय आला. खुनाच्या आरोपातून स्मेथर्स्टला माफी मिळाली; द्विभार्येच्या गुन्ह्यासाठी मात्र एक वर्षाची कैद भोगावी लागली.

६/ मग इझाबेला कशाने गेली? गाय्ज हॉस्पिटलचे सॅम्युएल विल्क्स यांनी तिच्या आतड्यांचे वर्णन त्याच वर्षी एका वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केले. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडले होते. लहान आतड्याचा शेवटचा भागही दाहाने लाल झाला होता. हा दाह नेहमीच्या अतिसारासारखा नाही, हे विल्क्स यांनी ओळखले. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या नावाचा उगम याच लेखनात शोधतात. लहान आतड्यावरील खुणांमुळे तो आजार आजच्या भाषेत क्रोनचा असावा, असेही पुढे अनेकांनी म्हटले आहे.

७/ या प्रसंगात एक धडा आहे आणि तो या संपूर्ण धाग्याला पुरेल. रासायनिक तपासणी म्हणजे एक साक्षीदार. साक्षीदार काय बोलला, एवढ्यावर थांबून चालत नाही; तो कुठून आला आणि त्याने प्रत्यक्ष काय पाहिले, हेही विचारावे लागते. १८५९ साली तो प्रश्न उशिरा विचारला गेला, आणि त्यामुळे एक मनुष्य फासापर्यंत जाऊन आला.

८/ आता आजाराची ओळख. आतड्याच्या दाहाचे दोन मुख्य प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात राहतो. क्रोनचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यात न संपणारे युद्ध मांडून बसते. आव-रक्त पडते, वजन घटते, पोट दुखते. काही महिने बरे जातात, मग पुन्हा उसळी येते. रुग्ण बहुधा तरुण असतो, आणि आजार त्याला जन्मभर सोडत नाही.

९/ क्रोनच्या आजाराला हे नाव १९३२ नंतर मिळाले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमाने छापली गेली, म्हणून क्रोन यांचे नाव पहिले आले आणि आजाराला तेच चिकटले. ग्लासगोचे केनेडी डॅल्झील यांनी १९१३ सालीच असे रुग्ण नोंदवले होते. इतिहासाने त्यांची आठवण उशिरा ठेवली.

१०/ अडचण अशी की हा दाह बाहेरून दिसत नाही. जखम आत असते. बाहेर दिसते ते फक्त थकलेले शरीर आणि रुग्णाची तक्रार. तक्रारीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. विसाव्या शतकाचा मोठा काळ या रुग्णांना हेच भोगावे लागले.

११/ १९३० साली न्यूयॉर्कमध्ये सेसिल मरे यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या मुळाशी मानसिक कारणे असल्याचे मांडणारा निबंध लिहिला. १९५० मध्ये मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनोकायिक आजारांवरील आपल्या ग्रंथात हा आजार समाविष्ट केला. मनातील दडपलेला संघर्ष आतड्यातून रक्तरूपाने बाहेर पडतो, अशी ही धारणा. रुग्णाचा स्वभाव आणि त्याचे आईशी असलेले नाते यांची चिकित्सा झाली. आजारासोबत अपराधीपणाचे ओझेही आले.

१२/ गंमत अशी की त्याच १९३० साली, त्याच शहरात, दुसरीकडे या प्रश्नाला निराळे उत्तर देऊ शकणारा पदार्थ सापडला. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाचा अभ्यास करत होते. आतडी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

१३/ न्यूमोनियाच्या जिवाणूपासून त्यांनी काही अंश वेगळे केले होते. त्यांपैकी ‘सी’ नावाचा अंश रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळला की साका खाली बसे. प्रथम वाटले, हे जिवाणूविरुद्धचे प्रतिद्रव्य असावे. पण प्रतिद्रव्य रुग्ण बरा होताना वाढते. हा पदार्थ तर ऐन आजारात भरपूर असे आणि रुग्ण सावरला की नाहीसा होई. शिवाय इतर काही आजारांतही तो आढळू लागला. म्हणजे तो त्या एका जिवाणूचा नव्हता, आजारी शरीराचाच होता.

१४/ १९४१ साली एव्हरी, अबरनेथी आणि मॅक्लाउड यांनी दाखवले की हे प्रथिन आहे. १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. जनुके डीएनएची असतात हे १९४४ साली दाखवणारे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी ते हेच. प्रथिनाला नाव पडले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. कोविडच्या काळात आपल्या घरोघरी ऐकू आलेल्या या शब्दातील ‘सी’ न्यूमोनियाच्या जिवाणूच्या त्या अंशाचा आहे.

१५/ सीआरपीच्या आधीपासून आणखी एक साक्षीदार होता : ईएसआर. रक्त उभ्या नळीत ठेवले की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. पोलंडचे एडमुंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ साली या वेगाचा आजाराशी संबंध दाखवला. स्वीडनमध्ये फोरेउस आणि वेस्टरग्रेन यांनी १९१८ ते १९२१ या काळात त्याला चाचणीचे रूप दिले. दाहात रक्तातील फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर बुडतात. बुडण्याचा वेग म्हणजे प्रथिनाचेच अप्रत्यक्ष मोजमाप.

१६/ आतड्याच्या आजारात ही चाचणी मानाने आली ती ऑक्सफर्डमध्ये. १९५५ साली सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये कॉर्टिझोनची चाचणी प्रसिद्ध केली. २१० रुग्ण, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. सहा आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक विभागणी करून घेतलेल्या या विषयातील आरंभीच्या चाचण्यांत तिची गणना होते.

१७/ आजार किती तीव्र, हे ठरवायला त्यांनी साधे निकष बांधले : दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, ताप, जलद नाडी, घटलेले हिमोग्लोबिन आणि तासाला ३० मिलिमीटरहून अधिक ईएसआर. हे निकष थोड्याफार फरकाने आजही वापरात आहेत. रुग्णाच्या शब्दाशेजारी एका प्रथिनाची अप्रत्यक्ष साक्ष अशी कायमची नोंदली गेली.

१८/ पण रक्तातील या साक्षीदारांचे एक दुखणे होते. सीआरपी आतड्यात तयार होत नाही. ते यकृतात तयार होते. गावात आग लागावी आणि घंटा तालुक्याला वाजावी, तसा हा प्रकार. घंटा वाजली म्हणजे कुठेतरी आग आहे एवढे कळते. कोणत्या गावात, ते कळत नाही. दात सुजला, फुफ्फुसात संसर्ग झाला, सांधे दुखावले, तरी तीच घंटा वाजते.

१९/ उलटही घडते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह वरच्या अस्तरापुरता असतो, त्यामुळे आतून रक्त वाहत असूनही सीआरपी पुष्कळदा फारसे वाढत नाही. क्रोनच्या आजारात ते अधिक वाढते, पण तेथेही काही रुग्णांत दाह असून आकडा शांत राहतो. रुग्णाने ‘त्रास होतो’ म्हणावे आणि रिपोर्टाने ‘सर्व ठीक’ म्हणावे, ही जुनी कोंडी पुन्हा उभी राहिली.

२०/ खात्रीचा उपाय एकच : दुर्बीण घालून आत पाहणे आणि तुकडा काढून तपासणे. पण त्यासाठी पोट साफ करण्याची औषधे, उपवास, गुंगी, खर्च आणि थोडा धोकाही. दर दोन महिन्यांनी कुणाला दुर्बीण घालणार? मुलांना तर अनेकदा भूलच द्यावी लागते. आग लागलेल्या जागेचाच काही अवशेष हाती आला तर? तो अवशेष रोज बाहेर पडत होता. त्याकडे पाहण्याची कोणाची तयारी नव्हती, इतकेच.

२१/ १९८० च्या दशकात लंडनमध्ये एक विलक्षण पद्धत वापरली गेली. रुग्णाचे रक्त काढायचे, त्यातील पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी इंडियम-१११ ची खूण करायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. मग चार दिवसांचा सगळा मल गोळा करून त्यातील किरणोत्सार मोजायचा. दाह जितका मोठा, तितक्या अधिक पेशी आतड्यात उतरून बाहेर पडणार. उत्तर अचूक मिळे. पण खर्च, किरणोत्सार आणि चार दिवसांचे डबे यांमुळे पद्धत मोजक्याच केंद्रांत राहिली. कल्पना मात्र योग्य होती : आतड्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशी मोजा.

२२/ येथे नॉर्वे प्रवेश करते. ऑस्लोमध्ये रक्तपेढीशी संबंधित संशोधक मॅग्ने फागेरहोल रक्तातील प्रथिनांवर काम करत होते. आल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या आनुवंशिक प्रकारांवरील कामामुळे त्यांचे नाव आधीच परिचित होते. १९८० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या एका प्रथिनाचे वर्णन केले आणि त्याला ‘एल-१’ असे साधे नाव दिले.

२३/ हे प्रथिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत विलक्षण प्रमाणात असते. पेशीद्रवातील प्रथिनांपैकी ६० टक्क्यांपर्यंत. न्यूट्रोफिल म्हणजे संसर्गाच्या जागी सर्वांत आधी धावणारे शिपाई. इतर प्रयोगशाळांनाही ते निरनिराळ्या वाटांनी सापडत होते, त्यामुळे एकाच प्रथिनाला बरीच नावे पडली. १९९० साली ऑस्लोच्या संशोधकांनी त्याचा जिवाणूंविरुद्धचा गुण दाखवला आणि नाव सुचवले कॅलप्रोटेक्टिन : कॅल्शियम धरणारे आणि संरक्षण करणारे.

२४/ ते संरक्षण कसे करते, हेही ऐकण्याजोगे आहे. जिवाणूला जगायला जस्त आणि मँगनीज लागते. कॅलप्रोटेक्टिन हे धातू घट्ट पकडून ठेवते आणि जिवाणूची उपासमार करते. वेढा घालून किल्ल्याची रसद तोडावी, तशी ही नीती. न्यूट्रोफिल आतड्यात उतरून तेथेच मरते, तेव्हा आपला हा साठा मलात सोडून जाते. लढाई संपल्यावर रणांगणावर पडलेल्या शस्त्रांवरून सैन्य किती मोठे होते ते कळावे, तसे मलातील कॅलप्रोटेक्टिनवरून दाह कळतो.

२५/ मलात प्रथिन टिकेल कसे, ही रास्त शंका. आतड्यात पाचकरस आहेत, कोट्यवधी जिवाणू आहेत. बहुतेक प्रथिने तेथे फाटून जातात. कॅल्शियम धरलेले कॅलप्रोटेक्टिन मात्र चिवट निघाले. साध्या तापमानातही ते सुमारे आठवडाभर टिकते. १९९२ साली रोसेथ, फागेरहोल आणि सहकाऱ्यांनी मलातून ते मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाने घरी छोट्या डबीत नमुना घ्यावा आणि तो टपालाने पाठवावा, इतकी ही तपासणी सोपी होऊ शकली ती या चिवटपणामुळे.

२६/ पुढे याच प्रथिनाची इंडियमच्या त्या अवघड पद्धतीशी तुलना झाली आणि दोन्ही उत्तरे चांगली जुळली. २००० साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील टिबल, ब्यार्नासन आणि सहकाऱ्यांनी आजार शांत असलेल्या ८० रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला : ४३ क्रोनचे, ३७ अल्सरेटिव्ह कोलायटिसचे. पुढे ज्यांचा आजार उसळला, त्यांचे कॅलप्रोटेक्टिन सुरुवातीलाच, कसलाही त्रास नसताना, चढलेले होते. रुग्णाला कळण्याआधी आतड्याने सांगून टाकले होते.

२७/ २०१३ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने या तपासणीची शिफारस केली : दाहाचा आजार आहे की आयबीएस, हा प्रश्न असेल तर आधी मल तपासा. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आकडा आला, तर आतड्यात मोठा दाह असण्याची शक्यता फार कमी. कितीतरी माणसांची दुर्बीण त्यामुळे टळली.

२८/ येथे एक सावधगिरी. आकडा कमी आला याचा अर्थ ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असा होत नाही. आयबीएसमध्ये दाह नसतो, पण वेदना खरी असते. साक्षीदाराला फक्त दाहाविषयी विचारले होते. वेदनेविषयी तो बोललेलाच नाही. मरे आणि अलेक्झांडर यांच्या काळातील अन्याय एका रुग्णगटावरून उचलून दुसऱ्यावर ठेवण्यासाठी हे प्रथिन शोधलेले नाही.

२९/ २०१७ साली ‘काम’ या नावाची चाचणी लॅन्सेटमध्ये आली. क्रोनच्या २४४ रुग्णांचे दोन समान गट. एकात औषध वाढवायचे ते मुख्यतः लक्षणे पाहून. दुसऱ्यात लक्षणांसोबत कॅलप्रोटेक्टिन आणि सीआरपी यांचे आकडे पाहून. ४८ आठवड्यांनंतर आतड्याचे व्रण भरून आले ते पहिल्या गटात ३० टक्के रुग्णांचे, दुसऱ्यात ४६ टक्के रुग्णांचे. साक्ष ऐकून वेळेवर पाऊल उचलले तर जखम भरते, हे असे दिसले.

३०/ मग हा साक्षीदार निर्दोष आहे का? नाही. तो पाहतो ते एवढेच : न्यूट्रोफिल आतड्यात उतरले. ते का उतरले, हे त्याला ठाऊक नाही. जंतुसंसर्गाच्या जुलाबात तो वाढतो. सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी वाढतो. आतड्याच्या कर्करोगात वाढू शकतो. तान्ह्या बाळांत तर मुळातच जास्त असतो. गोळ्यांची चौकशी न करता आकडा वाचणे म्हणजे टेलर यांच्या तांब्याच्या जाळीकडे पुन्हा दुर्लक्ष करणे.

३१/ आपल्याकडे हा प्रश्न अधिक धारदार होतो, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आहे. क्रोनचा आजार आणि आतड्याचा क्षय दोघेही लहान आतड्याच्या शेवटाला धरतात. दोघांतही ताप येतो, वजन घटते, आतडे आकसते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांतही गाठी दिसतात. क्रोन आणि सहकाऱ्यांनाही १९३२ साली आपला आजार क्षयाहून वेगळा असल्याचे मुद्दाम मांडावे लागले होते. कॅलप्रोटेक्टिन दोन्हींत वाढते. ते आग दाखवते. ती कोणी लावली, हे नाही.

३२/ आणि चूक येथे महाग पडते. क्षय असताना क्रोनचा समजून संरक्षणव्यवस्था दाबणारी औषधे दिली, तर क्षय शरीरभर पसरू शकतो. क्रोनचा असताना क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या, तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते. निदान सुटत नाही तेव्हा क्षयाचे औषध काही काळ देऊन पाहण्याची प्रथा भारतात आहे. तो काळ रुग्णाच्या आतड्याच्या खात्यातून वजा होत असतो. त्यातही रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून आधीच गेलेले दिवस वेगळेच.

३३/ हा आजार केवळ पाश्चात्त्यांचा, ही समजूतही जुनी झाली. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबमध्ये लोकांची पाहणी करून २००३ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखामागे सुमारे ४४ असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे दाह ओळखणाऱ्या स्वस्त, सोप्या तपासणीची गरज आपल्यालाही आहे. आणि तिचा अर्थ आपल्या मातीत, क्षय आणि आमांश लक्षात घेऊन लावण्याची गरज त्याहून मोठी आहे.

३४/ शोध येथे थांबलेला नाही. अमेरिकी सैन्यदलात सैनिकांचे रक्तनमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले जातात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढे क्रोनचा आजार झालेल्या सैनिकांचे जुने नमुने काढून त्यांतील हजाराहून अधिक प्रथिने मोजली गेली. ५१ खुणांचा एक संच असा निघाला की निदानाच्या पाच वर्षे आधीपर्यंत त्यात आजाराची चाहूल लागत होती. ती पूर्ण अचूक नव्हे. पण चाहूल खरी होती.

३५/ आता नवा प्रश्न. पंचविशीतल्या धडधाकट तरुणाला ‘पाच वर्षांत तुला हा आजार होऊ शकतो’ असे सांगितले आणि तो टाळण्याचा खात्रीचा उपाय हाती नसला, तर ही माहिती औषध ठरेल की ओझे? साक्षीदार बोलायला तयार आहे. आपण त्याला केव्हा बोलवावे, हे अजून ठरलेले नाही.

३६/ पुन्हा रिचमंडला जाऊ. १८५९ सालीही इझाबेलाच्या मलाचा नमुना तपासला गेला होता. तपासणाऱ्यांनी त्यात विष शोधले, कारण त्यांच्या मनात खुनी होता. तिच्या आतड्याला काय म्हणायचे आहे, हे विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती. न्यूट्रोफिल तेव्हाही मरत होते आणि कॅलप्रोटेक्टिन तेव्हाही मलात उतरत होते. साक्ष हजर होती; तिची भाषा कळायला आणखी सव्वाशे वर्षे लागली.

३७/ म्हणून हातात रिपोर्ट येईल तेव्हा आकड्याला तीन प्रश्न विचारावेत. हे प्रथिन कोठून आले? त्याने नेमके काय पाहिले? आणि आणखी कोणत्या कारणाने ते असेच बोलले असते? उत्तरे आपल्या डॉक्टरांसोबत बसून शोधावीत. आणि ज्याच्या पोटात दुखते आहे, त्याचे म्हणणे आकड्याच्या आधी ऐकून घ्यावे. खटल्यातील पहिला साक्षीदार तोच असतो.

धागा समाप्त.